ठोकाठोकीचा इतिहास

इतिहास घडवणारी माणसं वेगळी आणि इतिहासात अडकणारी वेगळी. मी दुसऱ्यांपैकी. शाळेत इतिहास हा विषय मी पस्तीस मार्कांपुरता सांभाळला आणि सनावळ्यांचा ससेमिरा चुकवण्यासाठी कॉमर्सला गेलो. पुढं बँकेत चिकटलो. तिथं तारखांशी संबंध येतो तो चेकपुरता. अशा माणसाला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी थेट १८०९ सालापासूनचा इतिहास वाचावा लागला, याला कारण माझ्या गाडीचा मागचा डावा दिवा.

झालं ते असं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाड्या लावायच्या दोन रांगा आहेत, समोरासमोर. मधे एक बोळ. त्यातून एक गाडी अंग चोरून निघू शकते. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माझी सेकंडहँड गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होतो. त्याच मुहूर्तावर समोरच्या रांगेतून दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर त्यांची गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होते. दोन्ही गाड्यांच्या पाठी बोळाच्या मधोमध भेटल्या. आवाज फार मोठा झाला नाही. चहाची कपबशी ओट्यावरून पडावी एवढाच. माझा दिवा फुटला आणि त्यांच्या बंपरच्या कोपऱ्याला पोचा पडला.

आम्ही दोघं उतरलो. आधी ज्यानं त्यानं आपली गाडी पाहिली, मग दुसऱ्याची पाहिली, आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहून दोघं एकदमच म्हणालो, ‘‘अहो, दिसत नाही का?’’ आरती सोडली तर दोन माणसं एकच ओळ इतक्या एका सुरात म्हणताना मी कधी ऐकली नव्हती.

वॉचमन धावत आला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं साक्ष दिली. ‘‘दोन्ही सायेब मागं बघतच नव्हते की!’’

‘‘तू गप रे,’’ हेही आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. आता सोसायटीत बोलणं बंद होणं ही काही बातमी नव्हे. पाण्याच्या टाकीवरून बोलत नसलेली, पायपुसण्यावरून बोलत नसलेली अशी कितीतरी कुटुंबं आमच्याकडे सुखानं नांदत आहेत. पण मास्तरांची गोष्ट वेगळी होती. २०२० साली आम्ही घरातली सगळी माणसं आजारी पडून चौदा दिवस दाराआड कोंडलेले होतो, तेव्हा रोज सकाळी सहाला दाराबाहेर दुधाची पिशवी ठेवून, बेल वाजवून, दहा पावलं मागं सरून ‘‘बँकवाले, ताप किती?’’ असं ओरडून विचारणारा माणूस हाच. चौदाव्या दिवशी मी दुधाचे पैसे द्यायला गेलो, तर म्हणाले, ‘‘राहू द्या हो, टपालखर्च समजू.’’ तो माणूस आता जिन्यात मला पाहिलं की भिंतीवरचं विजेचं मीटर वाचायला लागायचा. मीही काही कमी नव्हतो. मी पाण्याचं मीटर वाचायचो.

सौ. म्हणाली, ‘‘अहो, एका दिव्यासाठी?’’

मी म्हटलं, ‘‘प्रश्न दिव्याचा नाही, तत्त्वाचा आहे.’’

माणसानं तत्त्वाचं नाव घेतलं की खुशाल समजावं, चूक त्याची आहे.

पहिल्यांदा मी विमा काढून पाहिला, म्हणजे कपाटातून काढून. विम्याची पॉलिसी माणूस दोनदाच वाचतो: हरवल्यावर आणि ठोकल्यावर. दिव्याचा खर्च गॅरेजवाल्यानं सांगितला चौदाशे रुपये. दिवा प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिकच्या भागांवर घसारा पन्नास टक्के. राहिले सातशे. घसारा म्हणजे काय ते मी बी.कॉम.ला तीन पद्धतींनी शिकलो होतो, पण तो स्वतःच्या मालमत्तेवर इतका झोंबतो हे पुस्तकात नव्हतं. पुढं असं की, माझ्यासारख्या छोट्या इंजिनाच्या गाडीला प्रत्येक क्लेममधले पहिले हजार रुपये मालकानं स्वतः सोसायचे. सातशे वजा हजार. कागदावर हिशेब मांडला तेव्हा कंपनीच माझ्याकडून तीनशे रुपये मागते की काय, असं वाटून मी पॉलिसी घाईघाईनं मिटली. शिवाय पाच वर्षं एकही क्लेम न केल्यामुळं मला पन्नास टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. क्लेम मंजूर झाला की तो शून्यावर. म्हणजे विमा हा असा मित्र की ज्याच्याकडे पाच वर्षं काही मागितलं नाही तर तो बक्षीस देतो आणि एकदा मागितलं की ओळख विसरतो.

तरीही क्लेमचा फॉर्म मी भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: अपघात कसा झाला ते थोडक्यात लिहा. मी लिहिलं, ‘माझी गाडी उभी असताना’ आणि पेन तिथंच अडलं. गाडी उभी नव्हती. बी.कॉम.ला विम्याच्या पेपरात एक तत्त्व होतं, परम सद्भावाचं. विमा उतरवणाऱ्यानं कंपनीपासून काहीही लपवू नये, असं ते तत्त्व लॉर्ड मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं १७६६ साली सांगून ठेवलेलं आहे. तो खटला सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याचा होता. किल्ल्याच्या मालमत्तेचा विमा काढणारा त्या किल्ल्याचा गव्हर्नरच. आणि त्यानं सगळं सांगितलं नाही अशी विमा देणाऱ्याची तक्रार. पण हे तुम्हाला माहीत असायलाच हवं होतं, असं म्हणून निकाल गव्हर्नरच्या बाजूनं लागला. मला परीक्षेत हे तत्त्व पाच मार्कांना आलं होतं. पाचही मिळाले होते. आणि आता चार ओळींचा रकाना भरता येईना. फॉर्म खणात गेला.

मग मी दुसरा मार्ग धरला. चूक मास्तरांचीच होती हे कायद्यानं सिद्ध करायचं. कलमं, सन, खटले यांची अशी फैर झाडायची की मास्तरांनी मीटर वाचणं सोडून शरण यावं. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणली. आमच्या घरात इतकी जाड पुस्तकं यापूर्वी फक्त पापड वाळताना उडू नयेत म्हणून वापरली गेली होती.

पहिला खटला १८०९ सालचा. बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर. इंग्लंडातल्या डर्बी गावात फॉरेस्टर घराची डागडुजी करत होता आणि त्यानं रस्त्यात एक वासा आडवा टाकून ठेवला होता. दिवेलागणीच्या वेळी बटरफील्ड गुत्त्यातून बाहेर पडला, घोड्यावर बसला आणि भरधाव सुटला. वासा शंभर यार्डांवरून दिसेल इतका उजेड होता. पण गुत्त्यातून निघालेल्या माणसाला शंभर यार्ड कुठले दिसायला! आदळला, आणि नुकसानभरपाई मागायला कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, वासा टाकणं चूक हे मान्य, पण तूही नीट पाहिलं नाहीस. तेव्हा तुला काही मिळणार नाही. तुझी चूक थोडी असो की फार, असली की हात रिकामे. मला हा निकाल बेहद्द आवडला. मास्तरांना एक पै मिळणार नव्हती! नंतर लक्षात आलं की याच न्यायानं मलाही मिळणार नव्हती.

पुढचा खटला १८४२ सालचा, आणि त्यात नायक एक गाढव आहे. डेव्हिस नावाच्या गृहस्थानं आपल्या गाढवाच्या पुढच्या पायांना पायबंद घालून ते रस्त्याच्या कडेला चरायला सोडलं. उतारावरून मॅन याची तीन घोड्यांची गाडी बऱ्यापैकी वेगात आली. हाकणारा घोड्यांच्या थोडा मागून चालत होता. गाडीखाली गाढव मेलं. मॅनचं म्हणणं, असं बांधलेलं गाढव रस्त्यावर सोडणं हाच मुळात गाढवपणा. कोर्ट म्हणालं, असेल. पण शेवटच्या क्षणी टाळणं कोणाच्या हातात होतं? गाढवाच्या नव्हे, गाडीवानाच्या. रस्त्यावर एखादा माणूस झोपला असेल म्हणून काय त्याच्या अंगावरून गाडी घालाल? डेव्हिसला चाळीस शिलिंग मिळाले. ज्याला शेवटची संधी होती, जबाबदारी त्याची, असा नियम यातून पडला.

मी हर्षभरित होऊन हा नियम आमच्या बोळाला लावून पाहिला. शेवटची संधी कोणाला होती? ज्यानं शेवटच्या क्षणी मागं पाहिलं असतं त्याला. आणि मागं कोणी पाहिलं? इथं वॉचमन आठवला. म्हणजे आमच्या खटल्यात गाडीवान दोन आणि पायबंद घातलेली गाढवंही दोनच. संख्या मात्र एकूण दोनच.

मग मोटारी आल्या. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई एका प्रात्यक्षिकाच्या मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली गेलेली ही पहिली पादचारी. चालक म्हणाला, माझा वेग ताशी चार मैल होता. एक साक्षीदार म्हणाला, चांगला घोडा चौखूर उधळावा तशी गाडी आली. ज्युरीनं निकाल दिला, अपघाती मृत्यू. हे वाचताना पहिल्यांदा माझं हसू मावळलं. एकच मोटार, एकच क्षण, आणि चार मैलांपासून चौखूर घोड्यापर्यंत सगळे वेग शपथेवर. मी स्वतः सौ.ला सांगितलं होतं की मास्तर ‘सुसाट’ आले. त्या बोळात सुसाट यायला गाडीला पंख लागतील.

रस्त्यावर ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा न्याय चालू असताना समुद्रावर मात्र निराळी रीत होती. दोन जहाजं आदळली आणि दोघांचीही चूक निघाली, तर इंग्रजांची आरमारी न्यायालयं दोघांच्या नुकसानीची बेरीज करून निम्मं-निम्मं वाटून देत. चूक एकाची रुपयाभर आणि दुसऱ्याची आणाभर असली तरी निम्मं-निम्मं. १९१० साली ब्रुसेल्सला देशोदेशींनी बसून करार केला आणि १९११ साली ब्रिटननं कायदा केला की ज्याची जेवढी चूक तेवढा त्याचा वाटा. पण त्यात एक शहाणपणाची ओळ ठेवली: प्रमाण ठरवताच येत नसेल, तर पुन्हा निम्मं-निम्मं. हे शहाणपण समुद्रावरून जमिनीवर यायला इंग्लंडात १९४५ साल उजाडलं. त्या वर्षी कायदा झाला की अपघातात तुमचीही चूक असली तर भरपाई बुडणार नाही, तुमच्या वाट्यापुरती कमी होईल. बटरफील्ड पडल्यापासून एकशे छत्तीस वर्षांनी! आमच्या हेड ऑफिसला पत्राचं उत्तर द्यायला वेळ लागतो म्हणून मी उगाच कुरकुरत होतो.

विम्याची गोष्टही अशीच रमतगमत चालली. मोटारमालकानं दुसऱ्याच्या इजेचा विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ पासून आली, ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा झाला १९३९ साली, पण त्यातलं विम्याचं प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ ची वाट पाहावी लागली. मधे महायुद्ध होतं हे खरं. पण सरकारी कागद सात वर्षं एका टेबलावर राहायला महायुद्धच लागतं असं नाही. १९५६ च्या दुरुस्तीनं अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. १९७२ साली सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. पुढं १९९९ च्या कायद्यानं खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. १९८८ च्या नव्या कायद्यात थर्ड पार्टीच्या मालमत्तेच्या नुकसानीची सक्तीची मर्यादा ठरली सहा हजार रुपये. म्हणजे मी मनात आणलं असतं तर चौदाशे रुपयांच्या दिव्यासाठी मास्तरांवर आणि त्यांच्या विमा कंपनीवर न्यायाधिकरणात दावा लावू शकलो असतो. तिथं पहिला वाद झाला असता तो आमच्या सोसायटीचा बोळ ही कायद्यातली ‘सार्वजनिक जागा’ आहे की नाही यावर. त्या बोळात वाळत घातलेले कपडे पाहिले असते तर न्यायाधीशही बुचकळ्यात पडले असते.

पण या साऱ्या सनावळीत मला थांबवलं ते दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट १९८२ सालची. त्या वर्षी आपल्या कायद्यात एक कलम घातलं गेलं की मोटार अपघातात माणूस गेला तर पंधरा हजार आणि कायमचा अधू झाला तर साडेसात हजार रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करता द्यायचे. हे आकडे पुढं वाढत गेले. २०१९ च्या दुरुस्तीनं मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाले, आणि ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. यातही चूक विचारायची नाही. म्हणजे जिथं माणसाचा जीव जातो तिथंसुद्धा कायदा म्हणतो की आधी घरच्यांच्या हातावर काहीतरी पडू दे. आणि मी एका दिव्यासाठी दोन महिने पाण्याचं मीटर वाचत होतो.

दुसरी गोष्ट विमा कंपन्यांची. कोणाची चूक किती यावर आपसात भांडत बसलो तर वकिलांचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त होतो, हे कंपन्यांना फार लवकर कळलं. म्हणून त्यांनी आपसात ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा समझोता काढला. दोन गाड्या धडकल्या की प्रत्येक कंपनीनं आपापल्या गिऱ्हाइकाची गाडी आपल्या खर्चानं दुरुस्त करायची आणि दुसरीकडे पैसे मागायचे नाहीत. हजारो अपघातांत आज तुझं, उद्या माझं होऊन हिशेब जुळतो. बँकवाल्याला हे लगेच कळावं. आमच्या क्लिअरिंगचं तत्त्व काय वेगळं आहे? प्रत्येक चेकमागं पैशांची थैली घेऊन कोणी धावत नाही. वजाबाकी करतात आणि फरक तेवढा मिटवतात.

मी हातातलं पुस्तक मिटलं आणि शेजारच्या घराशी असलेलं माझं खातं मनातल्या मनात काढून पाहिलं. नावे बाजूला: एक दिवा, रुपये चौदाशे. जमा बाजूला: चौदा दिवसांचं दूध, आणि दहा पावलांवरून विचारलेला ताप. टॅली करायचा प्रयत्न केला नाही. करण्यासारखा नव्हता.

आणि एक नोंद मी कुठंच केली नव्हती. त्या सकाळी ब्रँचमध्ये ऑडिट आल्याचा मेसेज मोबाईलवर आला होता. तो वाचता वाचता मी गाडी मागं घेत होतो. हे मी ना सौ.ला सांगितलं होतं, ना फॉर्ममध्ये लिहिलं होतं.

गणपतीच्या दिवसांत आमच्या सोसायटीत एकत्र आरती असते. पहिल्या दिवशी आरती संपली. मास्तर प्रसादाची वाटी घेऊन विजेच्या मीटरकडे निघाले. मी आडवा गेलो.

‘‘मास्तर, त्या दिवशी मी मोबाईल बघत होतो.’’

मास्तरांनी वाटीतली खिरापत जरा वेळ चमच्यानं सारखी केली. मग हळूच म्हणाले, ‘‘माझी मान वळत नाही हो, बँकवाले. तीन महिने झाले. डावीकडं तर अजिबात नाही.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘कोणाला बोलू? मुलाला कळलं तर किल्ली काढून घेईल. हिला गुडघ्यामुळं रिक्षात चढता येत नाही, दवाखान्यात मीच नेतो. चूक तुमची होती म्हटल्यावर गाडी माझ्याकडं राहत होती.’’

इतकी पुस्तकं उपसली, पण माणूस आपली चूक का नाकारतो याचं हे कारण मला एकाही खटल्यात सापडलं नव्हतं. मी समजत होतो की मास्तर बंपरसाठी भांडतायत. ते मानेसाठी भांडत होते. आणि खरं सांगायचं तर मीही दिव्यासाठी भांडत नव्हतोच.

मी खिशातून कागद काढला. माझे चौदाशे, त्यांच्या बंपरचे सव्वीसशे, बेरीज चार हजार. चुकीचं प्रमाण ठरवता येत नाही, सबब १९११ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे निम्मं-निम्मं. प्रत्येकी दोन हजार. म्हणजे मी मास्तरांना सहाशे देणं लागतो.

मास्तरांनी चष्मा लावून हिशेब दोनदा तपासला. ‘‘जहाजांचा कायदा आपल्याला लागू आहे?’’

‘‘पावसाळ्यात आपल्या बोळात पाणी भरतं त्याअर्थी असावा.’’

त्यांनी सहाशे घेतले. निवृत्त झाला तरी पोस्टाचा माणूस तो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावती आणून दिली. सोबत दुधाची पिशवी होती. त्याच आठवड्यात त्यांनी मुलाला मानेचंही सांगून टाकलं. मुलानं किल्ली काढून घेतली नाही. त्यानं गाडीला मागचा कॅमेरा बसवला आणि वडिलांना व्यायामासाठी डॉक्टरकडे धाडलं. मान आता डावीकडं बरीच वळते, असं मास्तर सांगतात. खात्री म्हणून जिन्यात करूनही दाखवतात.

कॅमेऱ्यावर मात्र आमचा दोघांचाही फारसा विश्वास नाही. त्यामुळं सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या बोळात रोज एक कार्यक्रम असतो. आधी मी मास्तरांच्या गाडीच्या बाजूला उभा राहून ‘‘येऊ द्या... येऊ द्या... बास!’’ म्हणतो. मग मास्तर माझ्या गाडीच्या बाजूला उभे राहून तेच म्हणतात. या सगळ्यात पाच मिनिटं जातात आणि मला बँकेत पोचायला रोज पाच मिनिटं उशीर होतो.

परवा मॅनेजरनी उशिराबद्दल खुलासा मागितला. थोडक्यात लिहा, म्हणाले. मी १८०९ पासून सुरुवात केली आहे.